उरलेल्या गोळ्या

मध्यमवर्गीय माणसाला काही तरी उरवल्याशिवाय चैन पडत नाही. पगारातून पैसे उरणं कठीण, म्हणून तो साबणाचा तुकडा उरवतो, लग्नपत्रिकेची कोरी बाजू उरवतो आणि औषधाच्या गोळ्या उरवतो. आमच्या पेण-रोह्याकडल्या कुठल्याही घरातलं फडताळ उघडा. एका जुन्या डब्यात, सेफ्टी पिना आणि रबर बँडच्या शेजारी, अर्धवट खाल्लेली पाकिटं सापडतीलच. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, ताप तिसऱ्या दिवशी उतरला. मग पोटात उगाच औषध कशाला घाला?

युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण पेणहून रोह्याचं तिकीट काढलेला माणूस, ‘कासू गेलं, बरंच अंतर काटलं,’ म्हणून नागोठण्याला उतरून घरी आल्याचा आनंद साजरा करत नाही. औषधाच्या बाबतीत मात्र आपण नागोठण्याला उतरतो आणि जंतू गाडीतच राहतात. तेही निवडक. आम्हा बँकवाल्यांना हे लवकर कळावं. साधे कर्जदार पहिल्याच नोटिशीला पैसे भरतात, मागे उरतात ते मुरलेले. तिथेच वसुली थांबवली, तर पुढे शाखेत सगळे मुरलेलेच.

पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच एक काल्पनिक गोष्ट सांगून ठेवली होती. एका गृहस्थांचा घसा दुखतो. ते पेनिसिलीन आणून घेतात, पण अपुरं. जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. गृहस्थांचं ठीक चालतं, पण तेच जंतू त्यांच्या बायकोला गाठतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन चालत नाही आणि ती बिचारी जाते. दोष कुणाचा? फ्लेमिंगसाहेबांनी सरळ नवऱ्याकडे बोट दाखवलं. आपल्याकडे पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागलं १९५५ साली. म्हणजे औषधाच्या दहा वर्षं आधी त्याची तंबी आली होती. आपण तीही अर्धीच घेतली.

आता खरा प्रश्न. घसा माझा, गोळ्या माझ्या, पैसेही माझेच. मग मी त्या खाव्यात की उरवाव्यात, हे सांगणारे तुम्ही कोण? मी कॉमर्सचा पदवीधर. एका बाजूला जमा झालं की दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी नावे टाकावंच लागतं, एवढंच शास्त्र मला येतं. माझ्या डब्यात आठ गोळ्या जमा दिसतात, त्या कुणाच्या नावे पडल्या? ज्याला पुढे हे औषध लागू पडणार नाही, त्याच्या. आणि त्या बिचाऱ्याला पासबुकही मिळत नाही. त्यातून शेजाऱ्याला खोकला झाला की त्याच डब्यातल्या दोन गोळ्या देऊन आपण परोपकारही उरकतो. एकाच कोर्सात दोन अर्धवट रोगी!

काही दुखण्यांत डॉक्टरच हल्ली पूर्वीपेक्षा थोडे दिवस औषध देतात, हे खरं. पण तो हिशेब त्यांनी करायचा, आपल्या जिभेच्या चवीनं नव्हे. गोळी सोसत नसेल तर तेही त्यांनाच सांगावं. क्षयाला अजूनही साधारण सहा महिने लागतात, कुष्ठरोगाला प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा. नुसत्या डॅप्सोनला जंतू दाद देईनात, म्हणून तर १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी दोन-तीन औषधं एकदम द्यायला सांगितलं.

मात्र सगळ्यांना एकाच मापानं मोजू नये. आमच्याकडल्या डोंगरपट्ट्यातला कातकरी पावसाळा सरला की वीटभट्टीवर बिऱ्हाड हलवतो. क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण त्या आणायला मोडलेल्या दिवसाची मजुरी कोण देणार? त्याचे डोस चुकले तर त्याला बेजबाबदार म्हणायला जीभ रेटत नाही. त्याचं चुकणं नाइलाजाचं, आपलं हौसेचं. जंतूला हा फरक कळत नाही. आपल्याला कळायला हरकत नसावी. त्याच्यापर्यंत गोळी पोचवणं हे बाकीच्यांचं काम, आणि आपल्या हातातली गोळी गिळणं हे तर त्याहून सोपं काम.

२०१६ सालापासून सरकार सांगतंय, पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि सांगितलं तेवढं पुरं करा. लाल शाईला आम्ही बँकवाले उगाच घाबरत नाही. तेव्हा साबणाचा तुकडा खुशाल उरवा. लग्नपत्रिकेच्या पाठीवर वाण्याची यादीही लिहा. पण त्या यादीत खाली एक ओळ टाका: ‘रात्रीची गोळी.’