कोचमनचा मृत्यू : दहशतवाद आणि निरपराधित्वाची संकल्पना

दहशतवादाविषयीची चर्चा बहुधा व्याख्येच्या उंबरठ्यावरच थबकते. एक पक्ष ज्याला दहशतवादी म्हणतो त्यालाच दुसरा पक्ष हुतात्मा मानतो, या निरीक्षणाने चर्चेचा आरंभ होतो आणि पुष्कळदा तेथेच तिचा शेवटही होतो. सर्व राष्ट्रांना मान्य होईल अशी सर्वसमावेशक व्याख्या संयुक्त राष्ट्रसंघालाही करता आलेली नाही. शब्दाचा इतिहास या संदिग्धतेस पोषकच आहे. ‘टेरर’ ही संज्ञा राजकीय परिभाषेत रूढ झाली ती १७९३-९४ मधील फ्रेंच क्रांतिकारी राजवटीमुळे. दहशत हे प्रथम सत्ताधाऱ्यांचे साधन म्हणून ओळखले गेले; सत्तेला आव्हान देणाऱ्यांकडे ही संज्ञा नंतर वळली. तथापि, व्याख्या अनिर्णित राहिली म्हणून नैतिक प्रश्नही अनिर्णित राहतो असे मानण्याचे कारण नाही. कृतीला कोणते नाव द्यावे, यापेक्षा त्या कृतीत मेला तो माणूस कोण होता आणि त्याचा मृत्यू कोणत्या हिशेबात धरला गेला, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. आधुनिक दहशतवादाच्या इतिहासातील तीन घोडागाड्यांच्या आधारे त्याचा विचार करता येईल.

पहिली गाडी सेंट पीटर्सबर्गमधील. ‘नारोदनाया वोल्या’ या १८७९ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने मार्च १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा वध केला. पहिल्या बॉम्बमधून झार बचावला आणि जखमींची विचारपूस करण्यासाठी गाडीतून खाली उतरला, तेव्हा दुसरा बॉम्ब पडला. झार आणि तो बॉम्ब फेकणारा ग्रिन्येवित्स्की, दोघेही मरण पावले. इतिहासग्रंथांत हे दोन मृत्यू ठळकपणे येतात. पहिल्या बॉम्बने झारच्या रक्षकदलातील एक कोसॅक आणि रस्त्याने जाणारा एक मुलगाही बळी गेला, ही नोंद मात्र तळटीपेत जाते.

दुसरी गाडी मॉस्कोतील, आणि नैतिक चर्चेच्या दृष्टीने ती सर्वांत प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी १९०५ मध्ये समाजवादी क्रांतिकारक पक्षाचा इव्हान काल्यायेव ग्रँड ड्यूक सर्गेई याच्या गाडीसमोर बॉम्ब घेऊन उभा होता. गाडीत ड्यूकची पत्नी आणि दोन लहान पुतणे-पुतणी आहेत हे दिसताच त्याने हात आवरला. दोन दिवसांनी, ड्यूक एकटा असताना, क्रेमलिनच्या आवारात त्याने तो वध केला आणि पुढे फाशी स्वीकारली. या आवरलेल्या हातावर आल्बेर काम्यूने १९४९ मध्ये एक नाटक उभे केले, आणि १९५१ मधील विद्रोहविषयक ग्रंथात या पिढीला हळव्या मनाचे मारेकरी म्हणून स्वतंत्र स्थान दिले. काम्यूचा युक्तिवाद थोडक्यात असा : या क्रांतिकारकांच्या लेखी हत्या अटळ होती, पण समर्थनीय नव्हती, म्हणून स्वतःचा प्राण देऊन त्यांनी घेतलेल्या प्राणाची भरपाई केली, आणि त्या भरपाईत मर्यादेचे भान टिकून राहिले.

या युक्तिवादाची उंची नाकारता येत नाही. एमिल आँरी याने फेब्रुवारी १८९४ मध्ये पॅरिसच्या ‘कॅफे तेर्मिनूस’मध्ये, संगीत ऐकत बसलेल्या अनोळखी ग्राहकांवर बॉम्ब टाकला होता, आणि बूर्ज्वा वर्गात निरपराध कोणी असूच शकत नाही अशी भूमिका न्यायालयात घेतली होती. आँरी आणि काल्यायेव यांच्यामध्ये एक सीमारेषा निश्चितच आहे. काल्यायेवच्या लेखी ड्यूक हा त्याने केलेल्या कृत्यांसाठी उत्तरदायी असलेला विशिष्ट माणूस होता. आँरीच्या लेखी कॅफेतील माणूस हे केवळ चिन्ह होते. त्याच्या जागी दुसरा कोणीही बसला असता तरी अर्थात फरक पडला नसता. दहशतवादाचे आधुनिक रूप या अदलाबदलीच्या शक्यतेवर उभे आहे. त्यात संदेश एकाला द्यावयाचा असतो आणि मरतो दुसराच. म्युनिक येथे १९७२ मध्ये दूरचित्रवाणीने या व्यवहाराला जगभरचा प्रेक्षक मिळवून दिला, आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी तो परमावधीस पोहोचला.

मात्र काम्यूचा हिशेब पूर्ण नाही. क्रेमलिनच्या आवारातील गाडीत ड्यूक एकटा होता, या विधानातच एक माणूस वगळला गेला आहे. गाडी हाकणारा आंद्रेई रुदिनकिन हा कोचमन त्या स्फोटात घायाळ झाला आणि काही दिवसांनी मरण पावला. मुलांसाठी आवरलेला हात कोचमनसाठी आवरला नाही. मूल निरपराध आहे हे डोळ्यांना दिसते. नोकर मात्र मालकाच्या गाडीचा एक भाग होऊन बसतो. ज्या कष्टकऱ्यांच्या नावाने हा वध झाला त्यांच्यापैकीच एक जण गाडीच्या पुढच्या बाजूस बसलेला होता, हे नैतिक भानाच्या त्या उत्कट क्षणीही हिशेबात आले नाही. स्वतःचे मरण स्वीकारल्याने ड्यूकच्या मरणाची भरपाई होते असे क्षणभर मान्य केले, तरी कोचमनच्या मरणाची भरपाई कशाने होते? शिवाय प्राणदान ही मर्यादेची खूण मानता येत नाही, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाने दाखवून दिले. बैरुत येथे १९८३ मध्ये आणि श्रीपेरुंबुदूर येथे १९९१ मध्ये मारेकऱ्यांनी प्राण दिलेच; पण आसपास उभे असलेल्यांची गणना त्यांनी केली नव्हती.

तिसरी गाडी मुझफ्फरपूरची. बॉम्बची ही विद्या पॅरिसमधील रशियन निर्वासितांकडून हेमचंद्र दास आणि पांडुरंग महादेव बापट यांच्यामार्फत हिंदुस्थानात आली होती. ३० एप्रिल १९०८ रोजी खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफर्ड याची गाडी समजून जिच्यावर बॉम्ब टाकला, तीत केनेडी आडनावाच्या मायलेकी होत्या. दोघीही मरण पावल्या. या घटनेवर ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ आदी अग्रलेख आले आणि लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. साहित्याच्या अभ्यासकांना या खटल्याचे महत्त्व वेगळेच आहे. सरकारी इंग्रजी भाषांतराने मूळ मराठी शब्दांचा रोख बदलला आहे, हा टिळकांच्या बचावाचा एक प्रमुख मुद्दा होता. सरकारच्या दडपशाहीतून बॉम्ब निपजला, ही कारणमीमांसा. ती करणे म्हणजे बॉम्बचे समर्थन करणे, असे सरकारी पक्षाने गृहीत धरले. कारणमीमांसा आणि समर्थन यांतील हा भेद पुसला जाणे, हे दहशतवादविषयक वादाचे तेव्हापासूनचे लक्षण आहे. सत्ताधारी तो पुसतात तो मीमांसा बंद पाडण्यासाठी. सहानुभूतीदार पुसतात ते मीमांसेच्या आडून समर्थन करण्यासाठी.

गांधीयुगातील मराठी वृत्तपत्रांत ‘अनत्याचारी’ हा शब्द अहिंसक या अर्थी रूढ होता. ‘अत्याचार’ या शब्दात आचाराची मर्यादा ओलांडणे अभिप्रेत आहे. कोणी ओलांडली, राज्याने की बंडखोराने, हे त्यात आधीच ठरवलेले नाही. ‘दहशतवाद’ या शब्दाने ही निःपक्षता गमावली. रशियात १९०६-०७ मध्ये स्तोलिपिनच्या लष्करी न्यायालयांनी काही महिन्यांत हजाराहून अधिक माणसांना देहदंड दिला. त्या कृतीला कायद्याचे नाव होते. पुढे बॉम्बफेकीत मेलेल्या नागरिकांसाठी राज्यसंस्थांनी ‘आनुषंगिक हानी’ ही संज्ञा घडवली. कोचमनचे विस्मरण दोन्ही बाजूंच्या भाषेत सारखेच सोयीचे असते.

याचा अर्थ सर्व हिंसा एकाच मापाची आहे असा होत नाही. काल्यायेवचा आवरलेला हात आणि आँरीचा न आवरलेला हात यांत भेद आहे. पारतंत्र्यातील तरुणाची चूक आणि १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत योजनापूर्वक गर्दीवर केलेले स्फोट यांतही भेद आहे. परंतु हे भेद मोजण्याचे माप ध्येयाच्या उदात्ततेतून किंवा मारणाऱ्याच्या त्यागातून मिळत नाही. कर्त्याच्या दृष्टीच्या कक्षेत कोण माणूस म्हणून आला आणि कोण गाडीचा भाग म्हणून राहिला, यातून ते मिळते. साहित्यसमीक्षेने मारेकऱ्याच्या अंतर्द्वंद्वाला नायकत्व दिले, कारण द्वंद्वात नाट्य असते. कोचमनला द्वंद्व नव्हते. तो आपले काम करीत होता. त्याच्या बाजूने तोच प्रसंग पुन्हा वाचणे, हे समीक्षेचे राहून गेलेले काम आहे.