पन्नाशीनंतरचे स्थलांतर

नोकरीची सात-आठ वर्षे उरली असता सर्व सोडून परदेशी यावे काय? आपल्या समाजास स्थलांतर नवे नाही. कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालविणारे आपले 'शनवार तेली' पूर्वज अठराव्या शतकात मुंबईस येऊ लागले. कोणी पलटणीत शिरले, कोणी कारागीर झाले. १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग उभे राहिले.

पुढे मुंबईच्या कचेरीत मान मिळविलेल्या कित्येकांना लोद, दिमोना येथे कारखान्यात उभे राहावे लागले. त्यात लाज कसली? कष्टाची भाकरी कोठेही गोडच.

मात्र प्रौढ माणसाने एक हिशेब प्रामाणिकपणे करावा. इस्राएलमध्ये साठ-बासष्टीनंतर आलेल्यास राष्ट्रीय विम्याचे वार्धक्य वेतन हक्काने मिळत नाही, सरकारच्या वेगळ्या मदतीवर भिस्त ठेवावी लागते. म्हणून यायचेच तर हातपाय चालतात तोवर यावे, हे खरे.

पण धंद्यासाठी प्रॉव्हिडंट फंड काढणाऱ्याने आधी स्वतःस विचारावे, हा पैसा एकट्या माझा आहे काय? फंड त्याच्या नावावर असेल, पण तो साठला तो बायकोच्या काटकसरीतून, आणि तिच्या म्हातारपणाचा आधारही तोच. दुकान बुडाले तर भार मुलांवर येणार. स्वतःच्या सुखाचा धोका पत्करणे हे धाडस होय. दुसऱ्याचे म्हातारपण त्याला न विचारता पणास लावणे हा अन्याय होय.

तेव्हा वाचकहो, पासपोर्टाच्या अर्जाआधी घरात सर्वांनी एकत्र बसावे, आणि पत्नीचे 'नाही' हेही उत्तर समजावे.