चढ आणि चढणारा

श्रम टाळणें हा दुर्गुण आहे, असें आम्हांस लहानपणापासून शिकविण्यांत आलें व पुढें आम्हींही तें इतरांस शिकविलें. परंतु श्रम टाळणें आणि श्रम सुसह्य करून घेणें या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा प्रश्न आम्हांस पन्नाशी उलटून गेल्यावर पडला. आणि तोही एखाद्या ग्रंथामुळें नव्हे, तर गुडघ्यामुळें.

पुण्यांत राहून ज्यास सायकलीचा नाद आहे, त्यास सिंहगडाचा घाट चुकत नाहीं. गडाची उंची समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर; पायथ्यापासून रस्त्यानें आठ-नऊ किलोमीटरांत सुमारें सहाशें मीटर चढावें लागतें. आमची सायकल शर्यतीच्या घाटणीची, बारीक टायरांची. तिच्या पायडलांजवळील लहान चक्रास ३४ दांते आणि मागच्या चाकावरील सर्वांत मोठ्या चक्रास २८. गेलीं कांहीं वर्षें हा घाट आम्ही सीटवरून उठून, साऱ्या देहाचा भार पायडलांवर टाकून चढत होतों. गेल्या पावसाळ्यानंतर गुडघ्यानें असहकार पुकारला. सायकली दुरुस्त करणाऱ्या तरुणानें सुचविलें कीं, मागें ३४ दांत्यांचें चक्र बसवावें, चेन थोडी लांब करावी, म्हणजे चढ हलका होईल. महिनाभर आम्हीं तें मनावर घेतलें नाहीं. हलकाच करून घ्यावयाचा तर चढ चढावा तरी कशाला, अशी आमची ऐट होती.

ही ऐट आमच्या एकट्याची नव्हे. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ सालीं सुरू करणारे आंरी देग्रांज यांनीं त्याच्या आदल्याच वर्षीं असें मत मांडलें होतें कीं, बदलते गिअर हे पंचेचाळिशीपुढील लोकांसाठीं. जिंकावयाचें तें स्नायूंच्या बळावर, यंत्राच्या युक्तीवर नव्हे. उलट सेंत-एत्येन येथील पॉल द व्हिवी हे 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें बदलत्या गिअरांचा पुरस्कार करीत व स्वतः डोंगर चढून तो सिद्धहि करीत. शर्यतींत मात्र देग्रांज यांचेंच चाललें. घाटाच्या पायथ्याशीं स्पर्धकानें खालीं उतरावें, मागचें चाक काढावें, उलटें फिरवून बसवावें आणि दुसऱ्या बाजूचें चक्र उपयोगांत आणावें, असा प्रकार पुष्कळ वर्षें चालू होता. चालत्या सायकलीवर गिअर बदलणाऱ्या डिरेलरास तेथें परवानगी मिळाली ती १९३७ सालीं. त्यामुळें घाट ठेंगणे झाले नाहींत. तूरमालेचा घाट २११५ मीटरांचा होता, तो तेवढाच राहिला.

अखेर आम्हीं चक्र बसविलें आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. चाकाचा परीघ सुमारें २.१ मीटर. पूर्वीं पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें २.५५ मीटर पुढें जाई, आतां २.१ मीटर जाते. पायांवरील जोर सहाव्या हिश्शाहून थोडा अधिक घटला. परंतु नऊ किलोमीटरांच्या घाटास जेथें साडेतीन हजार फेरे पुरत, तेथें आतां सव्वाचार हजारांवर लागूं लागले. माणूस व सायकल मिळून ऐंशी किलो वजन सहाशें मीटर उचलावयाचें काम पूर्वींइतकेंच. निसर्गानें ऋणांतील एक पैही सोडली नाहीं. हप्ते तेवढे लहान करून दिले आणि त्यांची संख्या वाढविली.

हा हिशेब करीत असतां एक जुनी गोष्ट आठवली व पेन्सिल हातांत तशीच राहिली. वीसएक वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत खेड्यांतून आलेला एक विद्यार्थी होता. आम्ही तर्कशास्त्र इंग्रजींतून शिकवीत असूं. एके दिवशीं तास संपल्यावर तो भीतभीत म्हणाला, "सर, हेंच एकदां मराठींत सांगाल का ? मग इंग्रजी मी पुस्तकावरून जुळवून घेईन." आम्ही उत्तरलों, "डोंगर कोणासाठीं ठेंगणा होत नसतो." हें वाक्य त्या वेळीं आमचें आम्हांसच फार आवडलें होतें. तो नमस्कार करून गेला. दिवाळीनंतर तो वर्गांत दिसला नाहीं. त्यानें महाविद्यालय सोडलें तें याच कारणानें, असें म्हणण्यास आम्हांपाशीं आधार नाहीं. परंतु तसें नव्हे, असें म्हणण्यासही नाहीं.

त्यानें डोंगर ठेंगणा करा असें म्हटलेंच नव्हतें. तर्कशास्त्राची उंची मराठींतही तेवढीच राहिली असती. त्यानें मागितलें होतें तें मागचें चक्र; आणि अधिक फेरे मारण्याची त्याची तयारी 'जुळवून घेईन' या शब्दांत स्पष्ट होती. ती ऐकण्याइतकी सवड आमच्या विद्वत्तेस नव्हती.

म्हणून सर्व सोयी सारख्याच निर्दोष, असें आम्ही म्हणत नाहीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं उत्तरें पाठ करविणारें गाईड हें चक्र नव्हे, ती मोटार होय : शिखर गांठलेलें दिसतें, पण चढण्याचें काम दुसऱ्यानेंच केलेलें असतें. सोय पुढें आली म्हणजे दोनच गोष्टी विचाराव्या. उंची तेवढीच राहिली काय ? आणि ती आपल्याच पायांनीं चढली काय ? दोहोंचें उत्तर होकारार्थी असेल, तर सोय नाकारण्यांत तप नाहीं, केवळ ऐट आहे. स्वतःपुरती ऐट ज्यानें त्यानें आपल्या गुडघ्यांच्या जोखमीवर खुशाल बाळगावी. गुरूनें ती शिष्यावर लादूं नये. कारण तेथें ऐट गुरूची आणि गुडघे शिष्याचे असतात.

परवां आम्ही पुन्हा गडावर गेलों. वेळ पूर्वींइतकाच लागला, घामही तेवढाच आला. परंतु वरच्या एका वळणावर मान वर करून खडकवासल्याचें पाणी पाहण्याइतकें त्राण अंगांत उरलें होतें. पूर्वीं त्याच वळणावर आम्हांस पुढच्या चाकाखेरीज कांहीं दिसत नसे. त्या विद्यार्थ्याचा चेहराही आज आम्हांस नीट आठवत नाहीं; त्याचें कारणही बहुधा तेंच असावें.