माकडहाड

जरा बसा. खुर्चीवर नको, खाली सतरंजीवर. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. आता लक्ष मानेपासून मणक्यामणक्यानं खाली न्या. कमर ओलांडून आणखी खाली, जिथे जमिनीचा टणकपणा लागतो तिथवर. तिथे एक लहानसं टोक आहे. जिन्यावरून घसरून बसलेल्या माणसाला ते चांगलंच ठाऊक असतं. तीन ते पाच लहान मणके एकमेकांना चिकटून ते झालंय. मराठीनं त्याला माकडहाड म्हटलं. आईच्या पोटात पाचव्या आठवड्याच्या सुमारास तुम्हालाही तिथे शेपटी होती. आठवा संपेपर्यंत ती जिरून गेली. हाड राहिलं, आणि नाव राहिलं.

श्वास चालू द्या. घाई नाही.

हात मांडीवर उताणे ठेवा. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला टेकवून पाहा. मांजराची नखी कशी वाकडी, अणकुचीदार असते. तुमचं नख चपटं आहे. बोटांवर बारीक रेषा आहेत. देवळाच्या आवारात लाल तोंडाची माकडीण पिल्लाचे केस विंचरत बसलेली तुम्ही पाहिली असेल, तिच्या बोटांवरही अशाच रेषा असतात आणि नखंही अशीच चपटी. आपण म्हणतो, उवा काढतेय. काढतही असेल. पण तेवढंच काम असतं तर ते इतका वेळ कशाला चाललं असतं? भांडणानंतरची समजूत, मोठ्याची मर्जी, मैत्रिणीची विचारपूस, सगळं त्या बोटांतून चालतं. आपल्याकडे आजी नातीच्या डोक्याला तेल लावते तेव्हा तेल हे निमित्तच असतं ना, तसंच.

आता एक आठवण काढा. अगदी नुकतंच जन्मलेलं बाळ कधीतरी हातात घेतलं असेल. त्याच्या तळहातावर तुम्ही बोट ठेवलंत आणि त्यानं ते गच्च धरलं. सगळे कौतुकानं म्हणाले, बघा, ओळखतं! ओळखत नव्हतं. ज्यांना आईच्या अंगावरच्या केसांना धरून फांद्यांवरून जायचं होतं, त्या फार जुन्या पूर्वजांची ती पकड आहे. काही महिन्यांत ती आपोआप सुटते.

वानराच्या पिल्लाला मात्र ती सोडून चालत नाही. काळ्या तोंडाचं ते वानर, लाल तोंडाचं ते माकड, एवढा फरक खेड्यातलं पोरही सांगतं. वानराचं पिल्लू जन्मतं तेव्हा गडद रंगाचं असतं, आईच्या राखाडी अंगावर लांबूनही उठून दिसतं. पहिल्या काही दिवसांतच मावश्या, बहिणी ते आईकडून मागून घेतात. आई देते, थोड्या वेळानं परत घेते. हुप्प्या वर एकटा, पाय सोडून बसलेला. डोळे मिटा आणि हे सगळं चिंचेच्या झाडावर एकदा नीट पाहून घ्या. त्यात तुमची जागा झाडाखाली आहे.

मग असं पिल्लू माणसाच्या घरात कसं येतं? या प्रश्नापाशी थोडं थांबा, कारण मोबाइलवरच्या त्या डायपर घातलेल्या, बाटलीनं दूध पिणाऱ्या पिल्लाखाली ‘किती गोड!’ लिहिताना तो कुणी विचारत नाही. जिवंत आई सहसा पिल्लू सोडत नाही. म्हणजे बहुधा ती गाडीखाली आली, विजेच्या तारेवर गेली, नाहीतर पिल्लू विकायचं म्हणून कुणी तिला मारलं. त्या चित्रफितीत पिल्लू हसतं असं आपल्याला वाटतं. ते दात विचकतं. माकडाच्या भाषेत त्याचा अर्थ बहुतेक वेळा भीती असा असतो.

अनाथ पिल्लू कणवेनं घरी आणणारेही असतात. त्यांची कणव खोटी नाही, हे मला मान्य आहे. पण अमेरिकेत हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात जे प्रयोग केले, ते इथे आठवतात. उत्तर भारतात दिसणाऱ्या तांबड्या तोंडाच्या जातीची पिल्लं त्यानं आयांपासून तोडली आणि त्यांना दोन पुतळे दिले: दूध देणारा तारेचा आणि मऊ कापडाचा. पिल्लं दुधापुरती तारेकडे जात आणि उरलेला दिवस कापडाला बिलगून काढत. अशी आईवेगळी, टोळीवेगळी वाढलेली माकडं पुढे इतरांत मिसळू शकली नाहीत. एकटीच डुलत बसत, स्वतःला चावत. असले प्रयोग करायला नको होते, असं मला वाटतं. पण आपल्या मायेचा टॉवेलही त्या पिल्लासाठी कापडाचा पुतळाच असतो, एवढं त्यातून कळतं.

आणि पिल्लू मोठं होतं. चार-पाच वर्षांत नराचे सुळे वाढतात, टोळीत आपला नंबर कितवा हे तो जोखू लागतो. टोळी नसते, म्हणून घरातल्या लहान मुलावर जोखतो. मग कमरेला साखळी, परसात खुंटा. जगला तर वीस-पंचवीस वर्षं.

लहानपणी ऐकलेली अकबर-बिरबलाची गोष्ट तुम्हालाही माहीत असेल. माकडीण आणि पिल्लू हौदात, पाणी चढत जातं, शेवटी ती पिल्लाला पायाखाली घेऊन उभी राहते. मला ती कधी पटली नाही. मेलेलं पिल्लू दिवसेंदिवस छातीशी घेऊन फिरणाऱ्या माकडिणी अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा नोंदल्या आहेत. आणि हौद कुणी बांधला, पाणी कुणी सोडलं, हे त्या गोष्टीत कुणीच विचारत नाही. माकडतापाचंही तेच. नाव माकडाचं, पसरवते गोचीड, आणि जंगलात त्यानं माकडंही मरतात.

कोकणातल्या बागायतदाराला हे वाचून राग येईल. शहाळी, केळी, काजू, त्याचं नुकसान खरं आहे. त्यानं माकडावर प्रेम करावं असं मी म्हणत नाही. बिस्किटं टाकून त्यांना वस्तीत ओढणारे आपण, निदान ते तरी थांबवू.

डमरू वाजवत येणारा माकडवाला चाळिशीपुढच्यांना आठवत असेल. माकडाचे खेळ करायला केंद्र सरकारनं १९९८ साली बंदी घातली. वानराला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते घरी पाळता येत नाही.

आता डोळे उघडा. उद्या झाडाखाली एखादं पिल्लू पडलेलं दिसलं, तर लगेच उचलू नका. टोळी बहुधा जवळच असते आणि तुम्ही लांब जाण्याची वाट पाहत असते. दूर उभे राहा, कुत्री हाकला. बराच वेळ कुणी आलं नाही, तर वनविभागाचा क्रमांक १९२६ आहे.