अस्तेय आणि परदेशातले पहिले वर्ष

कॅनडात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याजवळ राहण्या-जेवण्यापुरते पैसे आहेत हे आधी दाखवावे लागते. अनेक वर्षे ही रक्कम १०,००० डॉलर होती. १ जानेवारी २०२४ रोजी ती २०,६३५ डॉलर करण्यात आली होती. पहिल्या वर्षाची फी आणि विमानाचे तिकीट वेगळे. पुष्कळजण ही रक्कम तिथल्या बँकेत आधीच ठेव म्हणून भरतात आणि पोहोचल्यावर बँक ती हप्त्याहप्त्याने परत देते.

म्हणजे कागदोपत्री तो विद्यार्थी गरजू नाही. तरीही तिथल्या अन्नपेढ्यांच्या रांगेत आपली मुले दिसू लागली, आणि २०२३ मध्ये ब्रॅम्प्टनमधील एका अन्नपेढीने विदेशी विद्यार्थ्यांना शिधा देणे बंद केले. मग वाद झालाच. काहींना ही मुले फुकटी वाटली, तर काहींना वाटले की भुकेल्याला पासपोर्ट विचारणेच चूक.

साधकाच्या दृष्टीने हा प्रश्न अस्तेयाचा आहे. पतंजलींनी यमांमध्ये अहिंसा आणि सत्यानंतर लगेच त्याला स्थान दिले आहे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, एवढाच त्याचा अर्थ आपण लहानपणी शिकतो. पण जे उघडपणे वाटले जाते, ते घेण्यातही चोरी असू शकते का?

मला वाटते, असू शकते. पण रांगेतला प्रत्येकजण चोर ठरत नाही. भाडे भरून हातात काही उरलेले नाही, आठवड्याला ठरावीक तासच काम करायची परवानगी, आणि तेही मिळेना, अशा मुलाने शिधा घेतला तर त्यात लाज कसली? बँकेच्या दाखल्याने पोट भरत नाही. मात्र हप्ता खात्यात तसाच ठेवून, ‘मिळतंय तर का सोडा’ म्हणून पिशवी उचलणारा वेगळा. डॉलरचे रुपये करण्याचा गुणाकार त्याच्या डोक्यात सतत चालू असतो, आणि त्यात रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाचा आकडा येत नाही.

या दोघांच्या मधला मुलगा सर्वांत अवघड. ठेवीची रक्कम घरच्यांनी नातेवाइकांकडून उसनी आणलेली, म्हणून दरमहा मिळणारा हप्ता तो परत गावी पाठवतो. त्याची भूक खरी आहे. उसने पैसे ताळेबंदात दोन्ही बाजूंना दिसतात, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना सुरुवातीलाच शिकवतात. बँकेच्या दाखल्यावर मात्र एकच बाजू दिसते. चूक झाली ती रांगेत उभे राहण्याच्या कितीतरी आधी, घरात, सत्याच्या बाबतीत. ‘हे आपल्याला झेपेल का?’ असे कोणी मोठ्याने विचारलेच नाही. आणि आता फोनवर आईने विचारले की तो ‘जेवलो’ म्हणतो.

ब्रॅम्प्टनमध्ये गुरुद्वारेही आहेत. लंगरच्या पंगतीत खात्यात किती आहेत हे कोणी विचारत नाही. पण जेवल्यावर भांडी घासायला, पोळ्या लाटायला जागा असते. घेणाऱ्याला देणारा होता येते. अन्नपेढ्यांनाही स्वयंसेवक लागतातच. पैसे नसले तरी ज्याच्याकडे शनिवारचे दोन तास आहेत, त्याला हा मार्ग मोकळा आहे. त्याआधी घरी फोन करून खरा जमाखर्च मात्र सांगायला हवा. जाण्याची तयारी करणाऱ्या कुटुंबांनी तर तो आताच एकत्र बसून लिहावा: भाडे, किराणा, बसचा पास, थंडीचे कपडे, आणि उसने किती, कोणाचे, केव्हा परत करायचे.