एक बाण, अनेक धनुष्ये

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. हे अवधूत म्हणजे आपले दत्तमहाराज, अशी परंपरेची श्रद्धा. त्या चोवीस गुरूंत एक शरकार आहे, म्हणजे बाण करणारा कारागीर. दारावरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी ह्याला पत्ता नाही, इतका तो बाण सरळ करण्यात गढलेला. ही कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. कीर्तनकार एकाग्रतेवर बोलतात आणि पुढच्या गुरूकडे वळतात. मीही इतकी वर्षे तेवढेच घेऊन घरी येत होतो. पण हा कारागीर मला खरा भेटला तो गेल्या उन्हाळ्यात, आणि तोही इंग्लंडात, धाकट्या मुलाच्या शेजारी.

आधी घरचे सांगतो, कारण प्रश्न घरातूनच निघाला. सौभाग्यवती गेल्यापासून मी दोन्ही मुलांकडे आळीपाळीने राहतो. थोरला पुण्यात, धाकटा इंग्लंडात. महसूल खात्यात कारकुनी करताना माझी जीभ जरा धारदार झाली, ती निवृत्तीनंतरही तशीच राहिली. पुण्याच्या घरात माझ्या बोलण्याला कोणी भीत नाही. नातवंडे हसतात, सून म्हणते, "आबा सुरू झाले!" आणि विषय संपतो.

इंग्लंडात तसे झाले नाही. अकरा वर्षांच्या नातवाला मी एक मराठी पुस्तक वाचायला दिले. त्याला दोन ओळीही धड येईनात. त्याचे दोन मित्र समोर बसले होते. मी म्हणालो, "मराठी वाचता येत नाही, तर तुला आजोबा तरी कशाला हवेत?" पुण्यात ह्यावर खसखस पिकली असती. इथे पोर खाली मान घालून उठले आणि वरच्या खोलीत जाऊन बसले. आठ दिवस माझ्या वाऱ्यालाही उभे राहिले नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, ह्याच्याशी असं बोलून चालत नाही."

मी म्हणालो, "पन्नास वर्षं मी असाच बोलत आलोय. आता काय घराघरात वेगळा होऊ? ते ढोंग मला जमायचं नाही."

उत्तर दिले खरे, पण रात्री झोप लागेना. वाचकहो, हा प्रश्न आपल्या वयाच्या बहुतेकांचा आहे. माणसाने सगळीकडे एकसारखे असावे, की जिथे जाईल तिथल्यासारखे व्हावे? पहिल्याला आपण बाणेदारपणा म्हणतो, दुसऱ्याला समजूतदारपणा. पण बाणेदारपणाच्या नावाखाली हट्ट लपतो आणि समजूतदारपणाच्या नावाखाली लबाडी. कसे ओळखावे?

शेजारी एक निवृत्त सुतार राहतात, वय माझ्याच आसपास. त्यांना जुन्या पद्धतीच्या धनुष्यांचा नाद. त्यांच्याकडे वापरातली दोन धनुष्ये. एक इंग्लिश लाँगबो, पंचेचाळीस पौंड ताणाचे, मूठ जाड. दुसरे चपट्या पात्यांचे, चाळीस पौंडांचे, मूठ अरुंद. बाण मात्र दोन्हींना मिळून एकच जोड, लाकडी, मागे तीन पिसांचे. मी कुंपणापाशी उभा राहून बघत असे. एक दिवस त्यांनी मला आत बोलावले. माझे इंग्रजी कचेरीतले, त्यांचे गावातले. पण हातवाऱ्यांनी पुष्कळ समजते.

बाण सरळ जातो, असे आपण धरून चालतो. तसे नसते. जुन्या धनुष्यात बाण मुठीच्या बाजूला टेकलेला असतो आणि दोरी मात्र त्याला मधोमध ढकलते. म्हणजे मूठ त्याच्या वाटेतच येते. दोरी सुटताच बाण वाकतो, मुठीला वळसा घालतो, दोन-चार वेळा इकडेतिकडे लहरतो आणि मग सरळ होऊन निशाणाकडे जातो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असेल तर मुठीला घासून डावीकडे जातो. फार लवचीक असेल तर प्रमाणाबाहेर वाकून उजवीकडे जातो. हे ऐकून मी तिथेच ओट्यावर बसलो. "मी वाकणार नाही" असे म्हणणारा बाण निशाणाला लागतच नाही!

मग एकच बाण दोन धनुष्यांना कसा चालतो? सुतारबाबांनी सांगितले ते असे. बाणाला किती वाकावे लागेल हे नुसत्या जोरावर ठरत नाही. मुठीच्या जाडीवरही ठरते. जोर जास्त तसा बाण जास्त वाकतो, म्हणून त्याला ताठपणा हवा. मूठ जाड तसा वळसा मोठा, म्हणून लवचीकपणा हवा. त्यांचे जोरदार धनुष्य जाड मुठीचे आणि हलके धनुष्य अरुंद मुठीचे, त्यामुळे दोघांची मागणी जवळजवळ येते. तरी फरक राहतोच. बाणाची लांबी आणि पितळी टोकाचे वजन एकदा ठरले की बाणाला ते पुन्हा हात लावत नाहीत. पुढची दुरुस्ती धनुष्यावर. बाण टेकतो तिथे कातड्याचा तुकडा असतो. बाण डावीकडे जाऊ लागला तर कातडे पातळ करायचे, उजवीकडे जाऊ लागला तर आणखी एक थर चिकटवायचा. दोरीला पीळ कमीजास्त करून तिचे मुठीपासूनचे अंतर जुळवायचे. बाणाची खाच दोरीवर जिथे बसते तिथला दोऱ्याचा वेढा किंचित वरखाली करायचा. एका वेळी एकच बदल, मग पुन्हा मारून बघायचे. आणि एवढे करूनही हलक्या धनुष्यातून बाण लवकर खाली येतो, म्हणून नेम थोडा वर धरायचा. निशाण तेच, नेम मात्र वेगळा.

पारख कशी करतात तेही पाहण्यासारखे. एक बाण ते बिनपिसांचा ठेवतात. पिसांचा बाण थोडा चुकला तरी पिसे त्याला हवेत सावरून घेतात, म्हणून दोष दिसत नाही. बिनपिसांचा बाण खरे काय ते सांगतो. पिसांचे बाण आणि हा उघडा बाण जवळजवळ एकाच जागी लागले, तर जुळणी झाली. माझ्या मनात आले, पुण्यात माझे बोलणे सावरून घेणारी पिसे होती. रोजचा सहवास, एकत्र जेवणे, सुनेचे "आबा सुरू झाले". इंग्लंडात वर्षातून तीन महिने भेटणाऱ्या नातवाकडे माझा बाण उघडाच गेला आणि किती ताठ आहे ते कळले.

भिंतीवर एक तिसरे धनुष्य टांगलेले होते, साठ पौंडांचे. "ह्यालाही हेच बाण?" मी विचारले. त्यांनी जोरात मान हलवली. इतक्या जोराने हा बाण मोडेल आणि त्याची चिरफळी हातात घुसेल. म्हणजे जुळवून घेण्यालाही हद्द आहे. ज्या संगतीत आपला कणाच मोडेल, तिथे न जाणेच बरे.

आता शरकाराकडे वळू. तो एवढा तल्लीन होऊन काय करत होता? बाण सरळ करत होता. सुतारबाबाही बाण डोळ्यांसमोर धरून एका टोकाकडून बघतात, बोटांनी फिरवतात, जिथे बाक दिसेल तिथे हळूच दाबतात. मुळात सरळ असलेला बाण वाकून पुन्हा सरळ होतो. मुळात वाकडा असलेला बाण वाकतो आणि वाकडाच राहतो. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. समोरच्यासाठी वाकणे ही लबाडी नव्हे. वाकल्यावर परत सरळ न येणे ही लबाडी. पुण्यात एक आणि इंग्लंडात दुसरेच सत्य सांगितले, तर मी वाकडा. सत्य तेच ठेवून बोलण्याचा जोर आणि नेम बदलला, तर मी फक्त मुठीला वळसा घातला.

कोणी म्हणेल, संत तर सगळ्यांशी समभावाने वागतात. खरे आहे. पण समभाव निशाणात असतो. आई एकाच मायेने तान्ह्याला दूध देते आणि मोठ्याला भाकरी. स्वतः अवधूतच पाहा ना. पृथ्वीकडून क्षमा शिकले, अजगराकडून आल्या दिवसाला स्वीकारणे, पिंगलेकडून आशा सोडणे. शिष्य एक आणि गुरू चोवीस. प्रत्येकापाशी ते निराळ्या रीतीने वाकले, म्हणूनच प्रत्येकाचे देणे त्यांना घेता आले.

मी रोज संध्याकाळी करुणात्रिपदी म्हणतो. देवापुढे अपराधांची क्षमा मागायची सवय आहे. नातवापुढे मात्र जीभ वळेना. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी जिना चढून त्याच्या खोलीत गेलो. म्हणालो, "बाळा, त्या दिवशी मी चुकलो. मित्रांसमोर तसं बोलायला नको होतं." तो काही बोलला नाही. मग मी त्याचेच एक इंग्रजी पुस्तक उघडले आणि मोठ्याने वाचू लागलो. माझे उच्चार ऐकून तिसऱ्या ओळीला त्याला हसू फुटले. तो मला सुधारू लागला. रोज एक पान त्याने माझ्याकडून घ्यायचे आणि एक मी त्याच्याकडून, असे ठरले.

सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. काही दिवस तो पान चुकवतो. मीही अधूनमधून ताठ होतो. पण त्याने मराठी वाचावे हे माझे निशाण मी सोडलेले नाही. परतताना विमानतळावर त्याने माझ्या खिशात एक चिठ्ठी घातली. देवनागरीत दोनच शब्द होते, "आजोबा या". 'या'चा काना जरा तिरपा होता. मी तो सरळ केला नाही.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!