दार उघडं, पायरी उंच

पंढरपुरात विठ्ठलाच्या महाद्वारासमोर संत चोखामेळ्याची समाधी आहे. देव सर्वांचा म्हणणाऱ्यांनीच त्याला पायरीशी थांबवलं. दलितांसाठी दार उघडलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. न्यायालाही हीच कसोटी लावावी: पायरीवरच्या माणसाला दार उघडं आहे का? १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात भरू लागलं, कोडोलीसारख्या गावातल्या लोकांची मुंबईची खेप वाचली. मोफत विधी साहाय्याची हमी संविधानाच्या अनुच्छेद ३९-क मध्ये आहे. पण कागद ऑनलाइन झाले की कामाने झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही, आणि ओटीपी कामावर गेलेल्या मुलाच्या फोनवर जातो.

कुणी म्हणेल, मोबाइल आता घरोघरी आहे. आहे, पण नवऱ्याविरुद्ध दाद मागणाऱ्या बाईच्या घरातला एकुलता फोन नवऱ्याच्याच खिशात असतो. मग तंत्रज्ञान नकोच का? तसं नाही. विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक साध्या फोनवरूनही लागतो. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडली. म्हणून ऑनलाइन खिडकीशेजारी माणूस बसलेली खिडकीही हवी. ती उपकार नव्हे, धर्म आहे. कारण दार खुलं आहे की नाही, हे पायरीवरचा माणूसच सांगू शकतो.